चीक : वासराची पहिली रसद

आजचा विषय ऐकून काही जणांच्या तोंडाला पाणी सुटेल, कारण चीक म्हटलं की आपल्याला आधी खरवस आठवतो. वेलदोडा घातलेला, गुळाचा, डब्यात वाफवलेला. खरवसाकडे मी येणार आहे, पण शेवटी नाही, मध्येच. आणि आल्यावर थोडी निराशा करणार आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि पशुवैद्यही नाही. मी पायदळातला माणूस. पदवी घेतली, पलटणीत गेलो, आणि केस पांढरे झाल्यावर बाहेर पडलो. पण या विषयाशी माझा एक जुना हिशेब आहे.

आमचं मूळ गाव माणदेशातलं, सातारा जिल्ह्याच्या कोरड्या कोपऱ्यातलं. घरी खिल्लार गायी. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमची एक गाय संध्याकाळी दिवेलागणीला व्याली. कालवड झाली, पांढरीशुभ्र, डोळे काजळ घातल्यासारखे. तासाभरात ती धडपडत उठली आणि आईच्या पोटाखाली तोंड घालू लागली. आजीने मला सांगितलं, “धर तिला. वार पडल्याशिवाय पाजायचं नाही.” वार पडण्याआधी वासराने सड तोंडात घेतला तर गायीला बाधतं, वार वर चढते, अशी समजूत होती. मी त्या कालवडीला रात्रभर दाव्याला बांधून बसलो. ती हंबरत होती, माझं बोट चोखत होती. वार पडली दुसऱ्या दिवशी दुपारी. तोपर्यंत सतरा-अठरा तास झाले असतील. मग तिला थोडं पाजलं आणि उरलेल्या चिकाचा खरवस आळीत वाटला. तिसऱ्या दिवशी तिला पांढरी हगवण लागली, आणि पाचव्या दिवशी वडिलांनी तिला बांधावर नेऊन पुरली. “नजर लागली,” आजी म्हणाली. तिने ते प्रामाणिकपणे म्हटलं. तिला जे माहीत होतं ते तिने केलं होतं.

खरं कारण मला कळायला वीस वर्षं लागली, आणि ते कळलं फौजेच्या गोठ्यात.

तरुण श्रोत्यांना कदाचित माहीत नसेल, पण आपल्या सैन्याची स्वतःची दुग्धालयं होती. मिलिटरी फार्म्स. पहिला फार्म 1889 साली अलाहाबादला सुरू झाला, आणि 31 मार्च 2021 ला हा सगळा विभाग अधिकृतपणे बंद झाला. जवानांना आणि लष्करी इस्पितळांना स्वच्छ दूध मिळावं हा उद्देश. होल्स्टीन फ्रीजियन आणि साहिवाल यांच्या संकरातून फ्रीजवाल ही गाय तयार झाली, त्यात या फार्मांचा मोठा वाटा आहे. उत्तरेतल्या एका छावणीत असताना आमच्या पलटणीचा दुधाचा काही हिशेब जुळत नव्हता, म्हणून मला तिथल्या फार्मवर पाठवलं होतं. हिशेब अर्ध्या तासात जुळला. मग तिथल्या पशुवैद्यक अधिकाऱ्याने चहा पाजला आणि गोठा दाखवला. नुकतंच जन्मलेलं एक वासरू होतं, अंग अजून ओलं, आणि एक शिपाई त्याला बाटलीने पिवळाधमक चीक पाजत होता. वार अजून लोंबत होती. मी म्हटलं, “सर, वार पडायच्या आधीच?” तो हसला आणि म्हणाला, “कॅप्टन, तुमची रसद शत्रूचा हल्ला झाल्यावर पोचली तर चालेल का?” पुढे तासभर तो बोलत होता. आज मी जे सांगणार आहे त्याचा पाया तो तास आहे. बाकीचं नंतर वाचून वाचून जमवलं.

मूळ गोष्ट अशी. माणसाचं बाळ आईच्या पोटात असतानाच आईच्या रक्तातून काही प्रतिपिंडं घेतं. प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, विशिष्ट जंतूला ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन. आपल्या वारेतून ही प्रथिनं बाळापर्यंत पोचतात. गायीच्या वारेची रचना वेगळी आहे. आईचं रक्त आणि वासराचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे इतके थर असतात की प्रतिपिंडासारखा मोठा रेणू पलीकडे जातच नाही. म्हशीचं, शेळीचं, मेंढीचंही तसंच. त्यामुळे वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतात. ते शेणामुतात, मातीत, माश्यांच्या घोळक्यात पडतं, तेही विनाशस्त्र.

निसर्गाने ही रसद पाठवायचा दुसरा रस्ता ठेवलाय. व्यायच्या आधीच्या काही आठवड्यांत गाय आपल्या रक्तातली प्रतिपिंडं कासेत साठवू लागते. त्यांतलं मुख्य प्रतिपिंड म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन जी, थोडक्यात आयजीजी. चांगल्या चिकात ते लिटरला 50 ग्रॅम किंवा त्याहून जास्त असतं. नेहमीच्या दुधात ते लिटरला एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणजे चीक हे नुसतं दाट दूध नव्हे. तो जवळपास आईच्या रक्तातला संरक्षणसाठाच आहे, कासेतून आलेला.

आता इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, ती म्हणजे वेळ. प्रथिन पोटात गेलं की ते पचतं, त्याचे तुकडे होतात. मग अख्खं प्रतिपिंड वासराच्या रक्तात जातं कसं? तर नवजात वासराच्या लहान आतड्याच्या पेशी मोठे रेणू अख्खेच्या अख्खे गिळून रक्तात सोडू शकतात. शिवाय चिकातच एक द्रव्य असतं, जे प्रथिनं तोडणाऱ्या ट्रिप्सिनला अडवतं. पण हे दार थोडाच वेळ उघडं असतं. जन्मल्या क्षणापासून ते मिटायला लागतं. पहिल्या चार-सहा तासांत शोषण सगळ्यात चांगलं होतं, मग घसरत जातं, आणि साधारण चोवीस तासांत दार बंद. पुन्हा उघडत नाही. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी त्यातलं प्रतिपिंड रक्तात जाणार नाही.

आमच्या कालवडीचं दार मी दाव्याला धरून बसलो तेव्हा मिटत होतं.

दुसरी बाजू जंतूंची. ई. कोलाय नावाचा जिवाणू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो, बहुतेक प्रकार निरुपद्रवी. पण काही प्रकारांना केसांसारखे बारीक तंतू असतात. त्या तंतूंनी ते वासराच्या आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटतात आणि एक विष सोडतात. त्या विषामुळे आतडं शरीरातलं पाणी आणि क्षार बाहेर ओतू लागतं. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांतली पाण्यासारखी हगवण बऱ्याचदा हीच. वासरू जंतूने कमी आणि पाणी संपल्याने जास्त मरतं. डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. दुसरा धोका त्याहून वाईट, जिवाणू आतड्यातून किंवा ओल्या नाळेतून थेट रक्तात शिरतो आणि सांधे, मेंदू, फुप्फुसं असा पसरतो.

चिकातलं प्रतिपिंड दोन आघाड्यांवर लढतं. आतड्यात ते जिवाणूच्या त्या तंतूंनाच जाऊन चिकटतं, मग जिवाणूला भिंत पकडता येत नाही आणि तो शेणाबरोबर बाहेर पडतो. रक्तात ते जिवाणूवर खूण करतं, आणि ती खूण पाहून पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. म्हणून दार बंद झाल्यावरही चीक वाया जात नाही. रक्तात गेला नाही तरी आतड्यात पहारा देतोच. तीन-चार दिवस चीक आणि चिकाचं दूध पाजत राहायचं ते यासाठी.

प्रतिपिंडांच्या जोडीला आणखी काही मंडळी असतात. लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन लोह धरून ठेवतं. जिवाणूला वाढायला लोह लागतं, ते मिळत नाही आणि त्याची उपासमार होते. शत्रूची रसद तोडणं म्हणतात ते हेच. लायसोझाइम जिवाणूची भिंत फोडतं. आईच्या जिवंत पांढऱ्या पेशी असतात, आतड्याच्या वाढीला मदत करणारी द्रव्यं असतात, जीवनसत्त्व ‘अ’ भरपूर असतं. पिवळा रंग कॅरोटीनचा. म्हशीचा चीक कमी पिवळा दिसतो म्हणून तो हलका, असं मात्र समजू नका.

हे कुणी शोधलं? जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी 1892 मध्ये उंदरांवर एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. विषाला सरावलेल्या मादीची पिल्लं साध्या मादीकडे दिली आणि साध्या मादीची पिल्लं सरावलेल्या मादीला पाजायला लावली. ज्या पिल्लांच्या खऱ्या आईकडे संरक्षण नव्हतं पण दाईकडे होतं, तीही वाचली. म्हणजे संरक्षण दुधातून जात होतं. वासरांबाबत निर्णायक काम झालं 1922 साली अमेरिकेत. थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी वासरांचे दोन गट केले, एकाला चीक, दुसऱ्याला चिकाशिवाय दूध. चीक प्यायलेली वासरं जगली. न प्यायलेल्यांतली बहुतेक काही दिवसांत गेली, आणि त्यांच्या अवयवांत ई. कोलाय पसरलेला सापडला. शंभर वर्षं झाली याला. तरी आपल्याकडे आजही कितीतरी गोठ्यांत वासरू वारेची वाट पाहत बांधलेलं असतं.

त्या समजुतीबद्दल थोडं बोलू. ती उलटी आहे. वासरू सड चोखतं तेव्हा गायीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. त्यानेच पान्हा फुटतो, आणि त्यानेच गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणजे पाजल्याने वार पडायला मदतच होते. वार साधारणपणे आठ-बारा तासांत पडते. त्यापेक्षा खूप उशीर झाला तर पशुवैद्याला बोलवा, ओढू नका. पण वासराचं पोट त्याच्याशी जोडू नका.

किती पाजायचं? वासराच्या वजनाच्या साधारण एक दशांश. देशी गायीचं वीस किलोचं वासरू असेल तर दोन लिटर, संकरित तीस किलोचं असेल तर तीन. त्यातला मोठा भाग पहिल्या दोन तासांत आणि बाकीचा सहा तासांच्या आत. वासरू उठून स्वतः पीत असेल तर छानच, पण ते किती प्यालं हे कळत नाही. अशक्त असेल तर पिळून बाटलीने पाजा. वासरू आडवं पाडून, नरड्यात ओतू नका. फुप्फुसात गेलं तर वाचवायला गेलेला माणूसच मारेकरी ठरतो. पिळण्याआधी सड धुऊन पुसा, भांडं उकळत्या पाण्याने धुवा. घाणेरड्या भांड्यातला चीक म्हणजे औषधाच्या बाटलीत रोग. उन्हाळ्यात तो उघडा ठेवला तर त्यात जिवाणू भराभर वाढतात, आणि वासराच्या आतड्यात प्रतिपिंडांच्या आधी तेच पोचतात. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायला विसरू नका.

चीक चांगला की पातळ, हे मोठ्या गोठ्यांत ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्राने बघतात. द्राक्षवाल्यांकडे गोडी मोजायला असतं तेच. 22 किंवा त्याच्या वर आकडा आला तर चीक चांगला. पहिल्या धारेचा चीक सगळ्यात कसदार, पुढच्या प्रत्येक वेळी तो पातळ होत जातो.

आणखी एक गोष्ट, जी मला फौजी म्हणून फार पटते. आईची प्रतिपिंडं तिने ज्या जंतूंचा सामना केलाय त्यांच्याविरुद्धच असतात. बाजारातून आठ दिवसांवर व्यायला आलेली गाय आणली, तर तिच्या चिकात जुन्या गोठ्याच्या जंतूंची माहिती असते, तुमच्या गोठ्याच्या नव्हे. जुन्या सेक्टरचा नकाशा घेऊन नव्या सेक्टरमध्ये पेट्रोलिंग. म्हणून गाभण गाय आणायचीच तर व्यायच्या दोन महिने आधी आणावी. आणि त्या शेवटच्या दोन महिन्यांत तिची धार बंद ठेवावी, खाणं चांगलं द्यावं. गाभण गायीला ई. कोलायविरुद्ध लस देण्याची पद्धतही याच तत्त्वावर चालते. टोचायचं आईला, वाचवायचं वासराला.

आता खरवस. आपण देशभर पसरलेली माणसं, तेव्हा नावं तर सगळीकडची ऐकली असतील. हिंदी भागात खीस, गुजरातेत बळी, कर्नाटकात गिण्णू, तेलुगू घरात जुन्नू, तमिळ घरात सीमपाल, पंजाबात बौहली. आमच्या पलटणीत या सगळ्या भाषांचे जवान होते आणि चिकाचा विषय निघाला की प्रत्येकाला आपल्या आईचाच आठवायचा. विरजण नाही, लिंबू नाही, तरी चीक वाफवला की वडीसारखा का जमतो, याचा कधी विचार केलाय? दुधातली जी प्रथिनं उष्णतेने गोठतात, ती चिकात प्रचंड असतात, आणि त्यांतला मोठा हिस्सा हीच प्रतिपिंडं. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं तसंच. आपल्या आयाबायांना हे यंत्राशिवाय ठाऊक होतं. पहिल्या धारेच्या चिकात भरपूर दूध घातलं तरी खरवस जमतो, तिसऱ्या दिवशीच्या चिकाचा बिनदुधाचाही नीट जमत नाही. तोच त्यांचा ब्रिक्स मीटर.

पण याचा दुसरा अर्थ असा की, खरवस जमला म्हणजे प्रतिपिंडं मोडली. प्रथिन म्हणून खरवस उत्तम, चवीला तर प्रश्नच नाही. पण “खरवस खाल्ला की रोगप्रतिकारशक्ती वाढते” हे आपण एकमेकांना सांगतो ते खरं नाही. मग कच्चाच प्यावा का? मुळीच नको. कच्च्या चिकातून, कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि गायीचा क्षय माणसाला होऊ शकतो. ब्रुसेलाचा ताप महिनोन्महिने येत-जात राहतो आणि सांधे धरतो. गोठ्यात उभं राहून धारोष्ण पिणाऱ्या बहाद्दरांनी हे लक्षात ठेवावं.

मग गायीच्या चिकाचा माणसाला जिवाणूंविरुद्ध काहीच उपयोग नाही का? आहे, आणि इथे गोष्ट रंजक होते. 1988 साली अमेरिकेत मेरीलँडच्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. गायींना माणसात जुलाब घडवणाऱ्या ई. कोलायची लस दिली, त्यांच्या चिकातून प्रतिपिंडं वेगळी काढली, आणि दहा स्वयंसेवकांना ती प्यायला दिली. दुसऱ्या दहांना त्या जंतूविरुद्ध नसलेली साधी प्रतिपिंडं. मग वीसही जणांना तो जिवाणू पाजला. साध्या गटातल्या दहांपैकी नऊ जणांना जुलाब झाले. दुसऱ्या गटात एकालाही नाही. पुढे आमांश घडवणाऱ्या शिगेला जिवाणूवरही अशीच चाचणी झाली आणि तिथेही संरक्षण दिसलं. अमेरिकी सैन्याने या प्रकारच्या उत्पादनांत रस घेतला यात नवल नाही. परमुलखात उतरलेल्या पलटणीला गोळीआधी जुलाब गाठतात, हे कुठल्याही क्वार्टरमास्टरला विचारा. ऑस्ट्रेलियात अशा चिकापासून केलेल्या गोळ्या प्रवाशांसाठी दुकानात मिळतात.

पण यातले तीन शब्द विसरू नका: लस दिलेल्या गायी, ठरावीक जंतू, आणि आधीपासून घेणं. आपलं मोठ्या माणसाचं आतडं हे प्रतिपिंड रक्तात घेत नाही. ते फक्त आतड्यात काम करतं, तेही न पचलेला भाग. त्यामुळे बाजारात ज्या पुड्या आणि कॅप्सूल “कोलोस्ट्रम” म्हणून सांधेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर विकल्या जातात, त्यांच्या डब्यावरचे दावे पाहून मला भरतीच्या दलालांची आठवण होते. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने पोटाच्या संसर्गावर डॉक्टरांचं प्रतिजैविक सोडून अशी भुकटी दीड महिना घेतली. शेवटी इस्पितळात दाखल झाला. वाचला, पण वीस किलो उतरून.

आणि माणसाच्या बाळासाठी गायीचा चीक नव्हे, त्याच्या आईचा चीक. आईचं पहिलं पिवळं दूध “जड असतं” म्हणून पिळून टाकणं आणि बाळाला मध चाटवणं अजून कितीतरी घरांत चालतं, शिकलेल्याही. आईच्या त्या पहिल्या दुधात बाळाच्या आतड्याला अस्तर घालणारं आयजीए प्रतिपिंड भरलेलं असतं. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला आईजवळ घ्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वासराला दाव्याला बांधणं आणि बाळाला मधाच्या बोटावर ठेवणं, चूक एकच.

माझं घर आता महूजवळ आहे, पण गावचा गोठा पुतण्या सांभाळतो. मागच्या महिन्यात रात्री सव्वातीनला त्याचा फोन आला. “काका, दोन वाजून दहा मिनिटांनी व्याली. गोऱ्हा आहे. दीड लिटर पाजून झाला.” वार सकाळी साडेसातला पडली. गोऱ्हा म्हणून कंजुषी केली नाहीस ना, असं मी विचारलं, कारण नर वासराच्या वाट्याला बऱ्याचदा उरलंसुरलंच येतं. तो म्हणाला, सगळ्यांना सारखंच. वासराचं भागवून जास्तीचा उरलेला पहिल्या धारेचा चीक त्याने अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरून डीप फ्रीजमध्ये ठेवलाय. गोठलेला चीक वर्षभर टिकतो. एखादी गाय व्याताना गेली किंवा तिला चीक कमी आला तर कोमट पाण्यात ठेवून वितळवायचा, उकळत्या पाण्यात नाही. सूनबाईंनी प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आहे: तारीख, गायीचं नाव, आणि खाली मोठ्या अक्षरात, “खरवसासाठी नाही.”